"तंत्र निर्दोष, पण भाव नाही": पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पूर्व आशियाई वादकांविषयी

मंद्रसप्तक

नमस्कार. विषय थोडा लांबचा वाटेल, पण गेले तीन आठवडे तो माझ्या मनातून जात नाही, म्हणून येथे मांडते आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी सात वर्षांपासून येथील एका युवा वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून किंचित मोठे वाद्य, वाजवते. वाद्यवृंदात दोन वादकांमध्ये स्वरलिपीची पाने ठेवायचा एकच स्टँड असतो. आतल्या बाजूच्याने पान उलटायचे आणि बाहेरच्याने वाजवत राहायचे, अशी रीत आहे. माझ्या मुलीच्या शेजारी चार वर्षे जी मुलगी बसते, तिचे आईवडील कोरियातून आलेले आहेत. ती स्वतः येथेच जन्मलेली. दोघींचे शिक्षक एकच आहेत, सरावाचे तास जवळजवळ सारखे आहेत, आणि गज कोठे वर न्यायचा व कोठे खाली ओढायचा याच्या पेन्सिलीच्या खुणासुद्धा त्यांनी एकमेकींशी बोलून केलेल्या असतात.

यंदाच्या एकल वादनाच्या स्पर्धेत दोघींनीही भाग घेतला होता. माझी मुलगी मध्येच एक अख्खा बार, म्हणजे तालाचा एक खंड, गाळून पुढे गेली आणि साथ करणाऱ्या पियानोवादिकेने तिला कसेबसे सांभाळून घेतले. तिच्या कागदावर परीक्षकांचा शेरा होता: "भावपूर्ण वादन. लयीकडे लक्ष द्यावे." तिच्या मैत्रिणीच्या कागदावर लिहिले होते: "अतिशय शिस्तबद्ध आणि अचूक. आता हृदयातून वाजवायला शिकावे." मी सभागृहात बसून दोघींचे वादन ऐकले होते. सावकाश चालीच्या मधल्या भागात त्या कोरियन मुलीने एक स्वर इतका हळुवार सोडला होता की माझ्या शेजारचे गृहस्थ हातातला कागद वाजू नये म्हणून तसेच धरून बसले होते. शेरा वाचल्यावर ती काहीच बोलली नाही. तिने कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि ती व्हायोलाच्या पेटीत राळेच्या डबीखाली ठेवून दिली.

हे वाक्य त्या परीक्षकांचे स्वतःचे नव्हे. ते या क्षेत्रात कित्येक दशके तोंडी रुळलेले आहे. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड स्कूल या संगीतसंस्थेने ऑनलाइन भरवलेल्या व्हायोलिन परिसंवादात विख्यात व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन यांनी दोन तरुण बहिणींचे युगुलवादन ऐकून मार्गदर्शन केले. तुमचे वादन जवळजवळ फारच निर्दोष आहे, असे ते आधी म्हणाले, आणि त्यात थोडे व्हिनेगर किंवा सोया सॉस घाला, असा सल्लाही त्यांनी दिला. पुढे गाण्यासारखे वाजवा हे समजावताना, कोरियात लोक गात नाहीत हे मला ठाऊक आहे, असे उद्गार त्यांनी काढले. आपण कोरियन नाही, असे त्यांतील एकीने सांगितले. आपले मूळ काही अंशी जपानी आहे हे तिने स्पष्ट केल्यावर, जपानातही गात नाहीत, असे उत्तर तिला मिळाले. नंतरच्या प्रश्नोत्तरांत तर कोरियन लोकांच्या डीएनएमध्येच गाणे नाही, इथपर्यंत मजल गेली. जगभरातून टीका उठल्यावर संस्थेने त्या वर्गाचे चित्रण सहभागींना न देण्याचे ठरवले आणि झुकरमन यांनी माफी मागितली.

ज्या कोरियात एकच गायिका किंवा गायक एका ढोलवादकाच्या साथीने तासन् तास कथा गातो, ती पानसोरी युनेस्कोने २००३ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात गणली, त्या कोरियाविषयी हे बोलले गेले. मला त्याहूनही जास्त बोचली ती एक जुनी गोष्ट. १९६७ सालच्या लेव्हेंट्रिट या संगीतस्पर्धेचे पहिले पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले होते. दोघेही व्हायोलिनशिक्षक इव्हान गलामियान यांचेच विद्यार्थी. त्यांतील एक होते पिंकस झुकरमन आणि दुसरी होती कोरियाची व्हायोलिनवादक क्यूंग-व्हा चुंग. ज्यांनी ऐन तारुण्यात एका कोरियन मुलीबरोबर बरोबरीने पारितोषिक स्वीकारले, त्यांनीच ५४ वर्षांनी हे म्हणावे, याचा अर्थ प्रत्यक्ष कानांनी ऐकलेला पुरावासुद्धा या समजुतीपुढे टिकत नाही असा मी लावते.

येथे संगीताचे जाणकार पुष्कळ आहेत. "भाव नाही" हा शेरा संगीताविषयीचा असतो की चेहऱ्याविषयीचा, यावर आपले मत वाचायला आवडेल.

स्पष्टमत

मंद्रसप्तक, त्या मुलीविषयी वाईट वाटले, हे आधी नोंदवतो. तरीही एका परीक्षकाच्या शेऱ्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, अशी शंका आहे. अमेरिकन वाद्यवृंदांच्या महासंघाच्या आकडेवारीप्रमाणे आशियाई वंशाच्या वादकांचे प्रमाण २००२ मध्ये सुमारे ५ टक्के होते, ते २०१४ मध्ये सुमारे ९ टक्के झाले. देशाच्या लोकसंख्येत आशियाई लोक सुमारे ६ टक्के आहेत. त्याच २०१४ साली कृष्णवर्णीय वादक २ टक्क्यांहूनही कमी होते. ज्यांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्याहून जास्त आहे, त्यांच्यावर अन्याय होतो असे म्हणताना थोडे थांबावे लागेल. पियानोवादक लांग लांग व युजा वांग, चेलोवादक यो-यो मा यांच्या मैफलींची तिकिटे मिळत नाहीत, हेही आपण पाहतोच.

समुद्रपक्षी

स्पष्टमत, आकडे बरोबर आहेत आणि कृष्णवर्णीय वादकांची स्थिती याहून बिकट आहे, हेही खरे. पण आपल्या आकड्यांनी फक्त खुर्च्या मोजल्या जातात. मी बारा वर्षे जर्मनीत आहे, हौशी वाद्यवृंदात चेलो वाजवतो, आणि व्यावसायिक वादकांत माझी बरीच ऊठबस आहे, म्हणून येथली पद्धत सांगतो.

निवड चाचणीत उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावण्याची प्रथा अमेरिकेत बोस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाने १९५२ मध्ये करून पाहिली आणि १९७० नंतर ती तिकडे सर्वत्र पसरली. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये, म्हणून गालिचाही अंथरतात. येथे जर्मनीत पडदा असला तरी तो बहुधा पहिल्या फेरीपुरता असतो. पुढच्या फेऱ्यांत उमेदवार समोर दिसतो. त्यानंतर निवड झालेल्या वादकाचे एक चाचणी वर्ष असते आणि वर्षाअखेरीस त्याला कायम करायचे की नाही, यावर सहकारी मतदान करतात. "आमच्या नादात मिसळतो का," हा प्रश्न त्या मतदानात निर्णायक असतो, आणि नाद या एका शब्दात कोणाला काय काय अभिप्रेत असेल, हे मतपत्रिकेवर लिहावे लागत नाही.

मंद्रसप्तक यांच्या प्रश्नाचे उत्तर व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या एका माजी अध्यक्षांनीच लिहून ठेवले आहे. ओटो स्ट्रासर हे त्या वाद्यवृंदाचे व्हायोलिनवादक होते आणि अनेक वर्षे अध्यक्षही. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी पडद्याला आपला विरोध का होता, हे सांगितले आहे. कलावंतामध्ये माणूसही आला, म्हणून त्याला नुसते ऐकून चालत नाही, पाहिलेही पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मग ते आपल्या निवृत्तीनंतर घडलेला एक प्रसंग सांगतात. एक उमेदवार सर्वोत्तम ठरला. पडदा वर गेला, तेव्हा थक्क झालेल्या परीक्षकांपुढे एक जपानी माणूस उभा होता. त्याला घेतले नाही. नववर्षाच्या मैफलीतील पिझिकातो पोल्काशी त्याचा चेहरा जुळत नव्हता, हे कारण.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. स्ट्रासर यांनी हा प्रसंग लाजेने सांगितलेला नाही. पडदा कसा घोटाळा करतो याचे उदाहरण म्हणून सांगितला आहे. ज्या पोल्कात वादक गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, त्या अडीच-तीन मिनिटांच्या गमतीदार रचनेसाठी चेहरा लागतो, असे एका विद्वान, मुरलेल्या वादकाला मनापासून वाटत होते. त्याच जर्मनभाषक जगात बर्लिन फिलहार्मोनिकने तोरू यासुनागा यांना १९८३ मध्ये कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे व्हायोलिनवादकांच्या प्रमुखाच्या, खुर्चीवर बसवले आणि ते २००९ पर्यंत तेथे होते. त्याच वर्षी दाइशिन काशिमोतो त्या पदावर आले. बर्लिनचा नाद काही बिघडला नाही.

जुना_श्रोता

ताई, आपण विषय काढलात हे फार बरे केलेत. मी मुंबईत पन्नासएक वर्षे हे संगीत ऐकतो आहे. आधी तबकड्या, मग एनसीपीएच्या सभागृहातल्या मैफली. त्यामुळे "भाव" या शब्दावर थोडे लिहितो.

पोलिश संगीतकार शोपाँच्या माझुर्का, म्हणजे पोलंडच्या लोकनाचांवर बेतलेल्या पियानोरचना, ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना ठाऊक असेल की त्यांची लय कागदावर लिहिता येत नाही. मात्रा तीनच, पण दुसरी किंवा तिसरी मात्रा किंचित लांबते, तिच्यावर जोर येतो, आणि तो किती व कधी, हे पोलंडच्या खेड्यातील नाच पाहिलेल्यालाच कळते, असे म्हटले जाते. आपल्याकडे लावणीतली ढोलकी जशी नोटेशनवरून शिकता येत नाही, तसेच. म्हणजे "मातीतले असल्याशिवाय जमत नाही" हा दावा कोठे करायचा असेल, तर तो माझुर्कापाशीच करावा लागेल.

आता वॉर्सा, १९५५. शोपाँ स्पर्धेत तिसरे पारितोषिक शांघायच्या फू त्सुंग यांना मिळाले, आणि सर्वोत्तम माझुर्कावादनाचे खास पारितोषिकही त्यांनाच. हे पारितोषिक पोलिश रेडिओचे असते. स्वतः पोलिश लोकांनी, पोलंडच्या राजधानीत, आपल्या सर्वांत घरगुती लयीसाठी चीनहून आलेल्या एका मुलाला निवडले. फू त्सुंग यांचे वडील फ्रेंच साहित्याचे मोठे अनुवादक होते, आणि चिनी कवितेवर पोसलेल्या मनाला शोपाँ जवळचा वाटतो, असे फू त्सुंग आयुष्यभर सांगत राहिले. सांस्कृतिक क्रांतीच्या छळात त्यांच्या आईवडिलांनी १९६६ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा ते लंडनमध्ये होते. डिसेंबर २०२० मध्ये लंडनमध्येच कोविडने ते गेले. या माणसाकडे भाव नव्हता, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

त्याच स्पर्धेत १९८० मध्ये व्हिएतनामचे दांग थाय सोन पहिले आले, २००० मध्ये चीनचे युंदी ली, २०१५ मध्ये कोरियाचे सोंग-जिन चो. २०१५ चे गुणपत्रक जाहीर झाले तेव्हा अंतिम फेरीत बहुतेक परीक्षकांनी चो यांना १० पैकी ९ किंवा १० गुण दिलेले दिसले, आणि फ्रान्सचे फिलिप आंत्रेमाँ यांनी १. या १ गुणामागे वंशभेद होता, असे मी म्हणणार नाही; तसे म्हणण्यास आधार नाही, आणि एखाद्याला एखादे वादन मुळीच न पटणे शक्य आहे. पण गुण जाहीर झाले म्हणून निदान त्यावर बोलता तरी आले. ताईंच्या त्या मुलीला मिळालेल्या शेऱ्यावर असे बोलता येत नाही, कारण "हृदय" मोजायला कोणतीच पट्टी नाही.

आरोही_पुणे

मी हिंदुस्थानी कंठसंगीत शिकते आणि मला येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायची आहे. आपण स्वतः काय करतो? आमच्या वर्गात एक जपानी विद्यार्थिनी होती. मराठी शिकली, पुण्यात खोली घेऊन राहिली, रोज पहाटे खर्ज लावायची. तिचे गाणे झाले की आम्ही मुली एकमेकींना म्हणायचो, "सुरेल आहे, पण आपल्यासारखे नाही गं वाटत." मंद्रसप्तक ताईंचा लेख वाचला आणि मला तो वर्ग डोळ्यांसमोर दिसला. मी हे फार विचार न करता, अनेकदा म्हटलेले आहे. आता त्याचे वाईट वाटते.

पण परंपरेला काहीच अर्थ नाही, असेही मला म्हणवत नाही. घराण्याची गायकी अंगात मुरायला वर्षे लागतात आणि कानावर लहानपणापासून जे पडते त्याचा फरक पडतोच. मग सीमारेषा कोठे ओढायची, यावर मी दोन दिवस विचार केला. आमचे गुरुजी तिच्यावर टीका करत नसत असे नाही, पुष्कळ करत. पण ते म्हणत, "यमनात तुझा तीव्र मध्यम चढा लागतोय," किंवा "बंदिशीतल्या ‘ळ’वर जीभ मागे जायला हवी," किंवा "समेवर येण्याची घाई होते आहे." प्रत्येक टीकेला पत्ता होता: अमुक स्वर, अमुक मात्रा, अमुक अक्षर. आणि हेच तीव्र मध्यमाचे वाक्य मला, कोथरूडमध्ये वाढलेल्या मुलीलाही, त्यांनी ऐकवलेले आहे. आम्ही मुली जे बोलत होतो त्याला पत्ता नव्हता. ते तिला सांगितले असते तर तिने उद्या सकाळी रियाजात नेमके काय बदलायचे होते?

मंद्रसप्तक

आरोही, हे तू किती नेमके लिहिलेस! "टीकेला पत्ता" हा शब्द मी आजपासून तुझ्याकडून घेतला.

मडगावकर

मी गोव्याचा आहे आणि माझे आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकले. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या गावोगावच्या पॅरिश शाळांत हे शिक्षण मिळत असे आणि तेथूनच मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांना वादक मिळाले. माझे सांगणे एवढेच की "हे संगीत त्यांचे नाही" या विधानात इतिहासाचे अज्ञान फार आहे.

जपानमध्ये मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शाळांमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे संगीत शिकवायचे ठरले तेव्हा इसावा शूजी यांनी बोस्टनचे शिक्षक लूथर व्हायटिंग मेसन यांना बोलावून घेतले. मेसन १८८० मध्ये तोक्योला पोहोचले. १८८७ मध्ये तोक्यो संगीत विद्यालय सुरू झाले. शांघायच्या नगरपालिका वाद्यवृंदाची मुळे १८७९ पर्यंत जातात, आणि तेथील संगीत महाविद्यालय १९२७ मध्ये शियाओ योमेई यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. ज्या घरात चार पिढ्या बाख वाजतो आहे त्या घरातील मुलाला "तुमच्या रक्तात नाही" असे सांगायचे, आणि ज्याच्या घरी कोणी कधी वाद्याला हात लावला नाही अशा गोऱ्या मुलाला हे रक्त आपोआप आहे असे धरायचे, याला काय म्हणावे?

"यंत्रासारखे वाजवतात" ही प्रतिमा पक्की कशी झाली, याचे एक कारण मला सुझुकी पद्धतीत दिसते. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी १९६४ मध्ये दहा मुलांना घेऊन अमेरिकेत गेले. एवढीशी मुले एका ओळीत उभी राहून एकसाथ अवघड रचना वाजवताना पाहून तेथील शिक्षक भारावून गेले, आणि काहींनी याला घोकंपट्टी ठरवले. वास्तविक सुझुकींचा आग्रह घोकंपट्टीच्या नेमका उलट होता. मूल मातृभाषा जशी ऐकून शिकते तसे संगीत शिकावे, आणि पहिल्या दिवसापासून स्वर सुंदर निघावा, हे त्यांचे सूत्र. त्यांच्या पद्धतीने आज अमेरिकेत व युरोपात असंख्य गोरी मुले शिकतात. त्यांच्या वादनाला कोणी यांत्रिक म्हणत नाही. मेहनत तीच, पण एकाच्या बाबतीत ती निष्ठा ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत आईबापांचा धाक.

स्पष्टमत

स्ट्रासर यांचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. तो वाचून माझे मत बदलले, असे स्पष्ट लिहितो. तरीही एक प्रश्न उरतो. सेइजी ओझावा यांच्यासारखा जपानी कंडक्टर बोस्टन सिम्फनीचा संगीत दिग्दर्शक म्हणून १९७३ ते २००२ अशी २९ वर्षे टिकला आणि पुढे व्हिएन्नाच्या ऑपेराचाही संगीत दिग्दर्शक झाला. दार बंद असते तर हे कसे घडले असते?

समुद्रपक्षी

दार बंद नव्हते, हे मान्य. पण ओझावा स्वतः त्या दाराविषयी काय म्हणत, ते पाहण्यासारखे आहे. आपण एक प्रयोग आहोत, असे ते अनेकदा सांगत: आशियात वाढलेला माणूस पाश्चात्त्य संगीत कितपत समजू शकतो, याचा प्रयोग. इतक्या उंचीवर पोहोचलेल्या कलावंताने हे ओझे आयुष्यभर बरोबर वागवावे, याचे मला वाईट वाटते. साल्झबुर्गमध्ये जन्मलेल्या कोणा कंडक्टरला आपण मोझार्ट समजू शकतो का, हे सिद्ध करून दाखवावे लागलेले नाही. आणि ओझावा यांच्यानंतर रांग लागली, असेही झाले नाही. मिलानच्या ला स्कालाने मायुंग-व्हून चुंग यांची २०२७ पासूनचे संगीत दिग्दर्शक म्हणून निवड २०२५ मध्ये जाहीर केली, तेव्हा त्या पदावर येणारे ते पहिले आशियाई ठरले. हे क्यूंग-व्हा चुंग यांचे धाकटे भाऊ.

आपण खुर्च्यांचा आकडा दिलात. त्या खुर्च्या बहुतांशी तंतुवाद्यांच्या आहेत. व्यासपीठावरील कंडक्टरची छडी कोणाच्या हाती, कार्यक्रमपत्रिकेवर रचनाकार कोण, व्यवस्थापनाच्या टेबलाशी कोण, हे पाहत गेलो की चित्र विरळ होत जाते. ऑपेरात तर फारच. तेथे आवाजाबरोबर शरीरही दिसते, आणि पडदा उघडतो तोच मुळी दाखवण्यासाठी. कोरियन गायिका सुमी जो यांनी १९८६ मध्ये इटलीत त्रिएस्ते येथे वेर्दीच्या ऑपेरातील गिल्डाच्या भूमिकेत युरोपात पदार्पण केले आणि पुढे जगभर कीर्ती मिळवली; पण अनेक आशियाई गायिकांचा अनुभव असा की दूरध्वनी येतो तो पुच्चिनीच्या "मादामा बटरफ्लाय"साठी. १९०४ मध्ये ला स्काला येथे प्रथम झालेल्या या ऑपेरात पंधरा वर्षांची जपानी मुलगी अमेरिकन नौदल अधिकाऱ्यावर विश्वास ठेवते आणि शेवटी जीव देते. ही भूमिका जपानच्या तामाकी मिउरा यांनी १९१५ पासून लंडन-अमेरिकेत गाजवली, तरी त्यानंतर कित्येक दशके गोऱ्या गायिका डोळे ताणलेले दिसतील असा रंग लावून ती करत राहिल्या. म्हणजे जपानी स्त्रीने मोझार्टची नायिका करायची तर ती शोभेल का, ही चर्चा. आणि युरोपीय स्त्रीने जपानी नायिका करायची तर रंगाची डबी पुरेशी.

आणि संकट आले की सभ्यतेचा हा पातळ थर किती लवकर गळतो, हे जानेवारी २०२० मध्ये दिसले. रोमच्या सांता चेचिलिया संगीत महाविद्यालयाच्या संचालकांनी करोनाच्या भीतीने चिनी, कोरियन, जपानी अशा सर्व "पौर्वात्य" विद्यार्थ्यांचे वर्ग वैद्यकीय तपासणी होईपर्यंत थांबवले. त्यांतला कोण नुकताच प्रवास करून आला, हा निकष नव्हता. इटलीतच वाढलेला विद्यार्थीही चेहऱ्यावरून त्या यादीत बसत होता.

जुना_श्रोता

झुबिन मेहता १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झाले, तेव्हाचा आनंद मला आठवतो. आमच्या गल्लीतल्या पारशी बावाजींनी पेढे वाटले होते. म्हणून ओझावांच्या "प्रयोग" या शब्दाने आज मन हलले.

आरोही_पुणे

एक विचारायचे होते. या मुलांना स्वतःला हे कसे वाटते? ते बोलतात का?

मंद्रसप्तक

आरोही, तेव्हा हवाई विद्यापीठात असलेल्या अभ्यासक मारी योशिहारा यांनी अमेरिकेतील आशियाई वादकांशी सविस्तर बोलून २००७ मध्ये यावर लिहिले आहे. त्यांना भेटलेल्या अनेकांनी सांगितले की आम्ही आधी संगीतकार आहोत, वंश नंतर. मला हे पूर्णपणे समजते. जो दिवसाचे सहा तास ब्राम्ससारख्या जर्मन संगीतकाराबरोबर राहतो त्याला ब्राम्सच्या घरात पाहुणा म्हणून राहायचे नसते, आणि तक्रार केली की आपण पाहुणे आहोत हे आपणच कबूल केल्यासारखे होते. त्यामुळे बरेच जण गप्प राहिले. २०२१ मध्ये अमेरिकेत आशियाई लोकांवर हल्ले वाढले आणि त्यातच जुलियार्डचा प्रसंग घडला, तेव्हा हे मौन थोडे सुटले.

आमच्याकडे काय झाले ते सांगते, कारण दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. मी त्या मुलीच्या आईशी बोलले. आपण लिहू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढच्या वर्षी परीक्षक तेच असले तर मुलीला त्रास होईल, ही त्यांना भीती. मी आग्रह केला नाही. नंतर मुलीनेच मला सांगितले की काकू, तुम्ही लिहिले तर चालेल, फक्त मला दुखावले असे लिहू नका.

म्हणून मी आयोजकांना पत्र लिहिले, ते आईला आधी दाखवले, आणि त्यात वंशाचा उल्लेख केला नाही. आरोहीची गुरुजींची गोष्ट वाचल्यावर आधीचा दोन पानी मसुदा टाकून दिला होता. दोन्ही शेरे शब्दशः उतरवले, दोघींचे शिक्षक एक आहेत हे सांगितले, आणि एकच विनंती केली: ज्या ठिकाणी हृदय कमी पडले त्या बारचा क्रमांक कृपया कळवावा, म्हणजे शिक्षकांना त्यावर काम करता येईल. रचनेच्या छापील प्रतीची झेरॉक्सही सोबत जोडली आहे.

पत्र जाऊन नऊ दिवस झाले. उत्तर आले तर येथे कळवीन.